क्लायंट मागे बसलेला असताना प्रीमियर प्रो कसं चालवायचं

प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर ३० सेकंदांच्या जाहिरातीच्या एडिटला जाहिरात एजन्सी आणि क्लायंट येऊन सोफ्यावर बसले की त्यांचं लक्ष टाइमलाइनकडे (शॉट ओळीने लावलेल्या पट्टीकडे) नसतं, समोरच्या टीव्हीकडे असतं. म्हणून तयारी टीव्हीपासूनच सुरू करा, तीही लोक यायच्या तासभर आधी.

प्रेफरन्सेसमधल्या प्लेबॅकमध्ये मर्क्युरी ट्रान्समिट (चित्र दुसऱ्या स्क्रीनवर पाठवणारी सोय) चालू करून क्लायंटच्या टीव्हीपुढे टिक करा. तिथेच 'डिसेबल व्हिडिओ आउटपुट व्हेन इन द बॅकग्राउंड' असा पर्याय आहे. त्याची टिक काढून टाका, नाहीतर तुम्ही स्क्रिप्ट बघायला दुसरी खिडकी उघडलीत की टीव्हीवरचं चित्र गायब. टीव्ही थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असेल, तर संगणकाच्या लेखी तो दुसरा डेस्कटॉपच असतो. नोटिफिकेशनही तिथे उगवू शकतं. डेकलिंक किंवा अल्ट्रास्टुडिओसारखं फक्त व्हिडिओ बाहेर पाठवणारं वेगळं उपकरण असेल तर ही भानगड नाही. नसेल तर व्हॉट्सॲप बंद करूनच बसा.

आवाज स्पीकरवर आणि चित्र टीव्हीवर असलं की ओठ आणि शब्द जुळत नाहीत, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो. आधी टीव्ही गेम मोडवर टाका. मग न्यू आयटममधून युनिव्हर्सल काउंटिंग लीडर (उलटे आकडे मोजणारी क्लिप) बनवा, २ च्या आकड्यावर बीप येईल असं ठेवा आणि उरलेला फरक प्लेबॅकमधल्या ऑफसेटने काढा. २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर १ फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद.

प्रोग्राम मॉनिटरच्या सेटिंग्जमधून ड्रॉप्ड फ्रेम इंडिकेटर (फ्रेम गळल्या की रंग बदलणारा ठिपका) दिसेल असं करा. हिरवा ठिपका पिवळा झाला, तर प्लेबॅक रिझोल्यूशन अर्ध्यावर आणा किंवा तेवढा भाग एंटर दाबून रेंडर करा. अडखळणारा शॉट बघून क्लायंट कटवरच शंका घेतो, आणि मग नीट असलेला कट बदलावा लागतो. हलणारा शॉट स्थिर करणाऱ्या वार्प स्टॅबिलायझर इफेक्टचं ॲनालिसिसही आधीच उरकून ठेवा. त्या शॉटचा स्पीड बदललेला असेल तर आधी नेस्ट करा (म्हणजे तो शॉट स्वतंत्र सीक्वेन्समध्ये, वेगळ्या टाइमलाइनमध्ये, गुंडाळा), त्याशिवाय इफेक्ट चालतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आधीचंच बरं होतं" हे वाक्य येणारच. सूचनांची प्रत्येक फेरी सुरू होण्याआधी प्रोजेक्ट पॅनेलमध्ये सीक्वेन्स निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि तिरकी रेघ दाबा (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड), आणि नक्कलेला पुढचा आकडा द्या. मात्र सीक्वेन्सची नक्कल होते, आतल्या नेस्टची होत नाही. जुन्या आणि नव्या आवृत्तीत एकच नेस्ट असतं, त्यामुळे नव्यात केलेला बदल जुन्यातही दिसतो आणि 'आधीचं' कुठेच उरत नाही. ज्या नेस्टमध्ये हात घालणार, त्याची वेगळी नक्कल करून ती नव्या सीक्वेन्समध्ये टाका.

फक्त एका शॉटचे दोन टेक तुलनेला हवे असतील, तर दुसरा टेक वरच्या ट्रॅकवर ठेवून शिफ्ट-ई ने चालू-बंद करा (मॅकवर शिफ्ट-कमांड-ई). दोन्ही टेक सलग दाखवा. दुसरा टेक शोधण्यात पाच मिनिटं गेली की पहिला कसा होता ते कुणालाच आठवत नाही.

"हा शॉट जरा छोटा करा" म्हटलं की हात रिपलकडे जातो, म्हणजे शॉट कापला की पुढचं सगळं मागे सरकतं. संगीताचा ट्रॅक लॉक असेल, तर पुढचे सगळे कट ठोक्यावरून सरकतात आणि प्रीमियर त्याची लाल खूण दाखवत नाही, कारण ती खूण फक्त लिंक असलेल्या चित्र-आवाजासाठी असते. त्याऐवजी एन दाबून रोलिंग एडिट करा, म्हणजे दोन शॉटमधला कटच सरकवा. शेजारचा शॉट तेवढाच वाढतो, बाकी सगळं जागेवर राहतं आणि एकूण लांबी ७५० फ्रेम्सच राहते. शेजारच्या शॉटला पुरेसे हँडल्स (कटच्या पलीकडचं शिल्लक फुटेज) नसतील तर मात्र हा मार्ग बंद.

सूचना चालू असताना प्लेबॅक थांबवू नका, एम दाबून मार्कर टाकत राहा आणि नाव नंतर लिहा. एजन्सी एक सांगते, क्लायंट दुसरं. दोघांचं एकमत होईपर्यंत माउसला हात लावू नका.

उठण्याआधी मार्कर्सची यादी मोठ्याने वाचून होकार घ्या, आणि एक्स्पोर्टच्या इफेक्ट्समध्ये टाइमकोड ओव्हरले (चित्रावर वेळ आणि फ्रेमचा आकडा) चालू करून एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटची फाइल पाठवा. रात्री फोनवर येणारी सूचना मग "तो मुलगी हसते तो शॉट" अशी न येता १२ सेकंद ८ फ्रेम अशी येते.