कोकणात कॉलेजला न्यायचा दुसरा लॅपटॉप निवडायचा कसा

घरी एक मोठा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असतो. जड कामं त्यावर होतात, धाकटी भावंडं त्यावर गेम खेळतात, आणि तो टेबलावरून हलत नाही. अडीच किलोचं ते धूड सकाळच्या भरलेल्या एसटीतून, एका हातात छत्री सांभाळत रोज कॉलेजला न्यायचं तर पहिल्याच पावसात हौस फिटते. म्हणून दुसरा, हलका लॅपटॉप. तो पहिल्याची स्वस्त नक्कल नव्हे. पहिला घेताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स बघितले असतील. इथे वजन आणि बॅटरी आधी, बाकी सगळं नंतर.

पायरी १: कोणतं काम घरीच राहणार ते ठरवा

नोट्स, पीडीएफ, एक्सेल, प्रेझेंटेशन, थोडंफार कोडिंग ही कामं फिरत्या लॅपटॉपची. ऑटोकॅडचं मोठं ड्रॉइंग किंवा व्हिडिओ एडिटिंग घरच्या मशीनवर. एवढं ठरलं की निम्मा खर्च वाचतो. मात्र आपल्या विभागातल्या वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा विचारा: प्रॅक्टिकलला कोणतं सॉफ्टवेअर लागतं? लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करणाऱ्याचं आणि दापोलीला कृषी शिकणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल. त्या यादीत फक्त विंडोजवर चालणारं एक जरी सॉफ्टवेअर असेल, तर क्रोमबुक (गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) आणि कीबोर्ड जोडलेला अँड्रॉइड टॅबलेट दोन्ही बाद. दिसायला कितीही गोंडस असोत.

पायरी २: चार्जरसकट वजन करा

१३ किंवा १४ इंची स्क्रीन आणि १.४ किलोपर्यंत वजन, यापुढे जाऊ नका. जाहिरातीतलं वजन चार्जर सोडून असतं. जुन्या पद्धतीचा ठोकळेवाला चार्जर वायरसकट पाव ते अर्धा किलो भरतो. म्हणून यूएसबी-सी वरून चार्ज होणारा लॅपटॉप घ्या. लहानसा ६५ वॉटचा चार्जर लॅपटॉपला आणि फोनलाही चालतो. पण यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही मॉडेलांत ते फक्त पेनड्राइव्हपुरतं असतं. दुकानातच चार्जर लावून बघा.

पायरी ३: बॅटरीचा हिशेब कागदावर मांडा

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल हे महावितरणच्या वायरमनलाही सांगता येत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेवढी वेळ रोज येत नाही, पण असाइनमेंटच्या आदल्या रात्री दोन तास लाइट जाणं नेहमीचंच.

'१० तास बॅकअप' या स्टिकरकडे दुर्लक्ष करा. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत विचारा. साध्या लिखाण-वाचनाला हलका लॅपटॉप साधारण ७-८ वॉट, म्हणजे तासाला ७-८ वॉट-तास खातो. म्हणून ५० वॉट-तासांची बॅटरी सहा-सात तास जाते. व्हिडिओ चालू ठेवलेत, ब्राइटनेस पूर्ण केलात, तर बरंच कमी.

वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर आणखी एक तपासणी हवीच. विंडोजमधलं कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि इंग्रजीत असं टाइप करा: powercfg /batteryreport मग एंटर दाबलं की अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला ते पडद्यावर दिसतं. त्यातले दोन आकडे बघा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल, तर बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे. सहा तासांचे चार उरले. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी टाकून मागा किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या. दुकानदार "अहो, नवीच आहे" म्हणेल. अहवाल त्याच्यासमोर उघडा.

पॉवरबँकेवर भिस्त असेल तर यूएसबी-सी मधून ४५ वॉट किंवा जास्त देणारी घ्या. फोनच्या १८-२२ वॉटच्या पॉवरबँकेवर बरेच लॅपटॉप चार्जच होत नाहीत.

पायरी ४: आतला माल

८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. संपलं. नव्या स्वस्त लॅपटॉपांत ६४ किंवा १२८ जीबीचं 'ईएमएमसी' स्टोरेज असतं ते टाळा: ते एसएसडीपेक्षा संथ असतं, बोर्डालाच सोल्डर केलेलं असल्याने बदलता येत नाही, आणि ६४ जीबीत विंडोजचे अपडेटच मावता मावत नाहीत. स्क्रीन मॅट (न चमकणारी) आणि शक्यतो ३०० निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) हवी, म्हणजे ओटीवर किंवा पडवीत बसून दिवसाउजेडी वाचता येईल.

पायरी ५: नवा की वापरलेला?

माझं मत स्पष्ट आहे. बजेट वीस-पंचवीस हजारांचं असेल तर नव्या प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून वापरून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक घ्या. बिजागऱ्या मजबूत, कीबोर्ड चांगला, आणि सुटे भाग मिळतात. कित्येकांना असा लॅपटॉप गणपतीला येणाऱ्या चाकरमानी काकांकडूनच मिळतो, किंवा मुंबईला गेलेलं कुणीतरी लॅमिंग्टन रोडवरून आणतं.

पण प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५०यू मध्ये रेघेनंतर ८ आहे, म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय५-७२००यू सातवी, काकांनी फुकट दिला तरच घ्या आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका.

पैसे देण्याआधी फोनचा टॉर्च लावून पोर्टांच्या आत आणि तळाच्या स्क्रूंवर बघा. गंज किंवा हिरवट थर दिसला तर यंत्र खाऱ्या हवेत राहिलंय किंवा त्यात पाणी गेलंय. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा. मग विंडोज रीसेट करून इंटरनेटला जोडा. सुरुवातीलाच एखाद्या अनोळखी कंपनीचं लॉगिन मागितलं, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेलं आहे. कितीही स्वस्त असो, सोडून द्या. रीसेटला तासभर लागतो म्हणून दुकानदार कुरकुर करेल. चहा मागवा आणि बसून राहा.

नवाच घ्यायचा असेल तर वॉरंटी 'ऑनसाइट' (तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करतो अशी) आहे का, आणि ती तुमच्या पिनकोडला मिळते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. देवगड-गुहागरच्या आतल्या गावातून दुरुस्तीसाठी दर वेळी कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची असेल, तर ती वॉरंटी कागदावरच राहते.

पायरी ६: खारा वारा आणि आगोटीची तयारी

बॅगेचं रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि दुचाकीवर पाणी नेमकं पाठीवरून उतरतं. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर कठड्याशी उभं राहून तो उघडू नका. मिठाचे तुषार पोर्टांत जातात.

एसी लॅबमधून बाहेर पडलात की लगेच लॅपटॉप काढू नका. जुलैतल्या दमट हवेत थंड यंत्रावर दव धरतं, बाहेरही आणि आतही. बंद बॅगेत वीसेक मिनिटं राहू द्या. आणि सुट्टीत हा दुसरा लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवायचा मोह टाळा. बुरशी कपड्यांना धरते तशी यालाही धरते. आठवड्यातून एकदा तासभर चालवा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने ओल जाते. बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवा.

पायरी ७: दोन्ही यंत्रं जोडा

कामाची फाइल नेहमी 'दुसऱ्यावर' राहते. म्हणून वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हमध्ये एकच फोल्डर करा आणि दोन्हीकडे तोच वापरा. चालू सेमिस्टरचा फोल्डर ऑफलाइन राहील अशी खूण लॅपटॉपवर करून ठेवा, कारण खाडीकाठच्या गावांत रेंजचा भरवसा नाही. रात्री घरच्या वायफायवर सिंक पूर्ण झाल्याची बरोबरची खूण दिसली की मगच झाकण लावा. आधी लावलंत तर सकाळी कॉलेजात कालची जुनी फाइल उघडेल.