सोलापुरात बसून गुप्तहेरांची नंबर स्टेशनं कशी ऐकायची

शॉर्टवेव्हवर ठरलेल्या वेळेला एक बाई किंवा माणूस येतो आणि एकसुरात नुसते आकडे वाचत बसतो, जाहिरात नाही, गाणं नाही, बातमी नाही, बहुतेक पाच-पाच आकड्यांचे गट आणि वाचून झाले की सिग्नल बंद. याला नंबर स्टेशन म्हणतात. परदेशात लपून काम करणाऱ्या हेराला त्याच्या मुख्यालयानं धाडलेला तो निरोप असतो, आणि तो जसा त्या हेराच्या रेडिओवर येतो तसाच जुळे सोलापुरातल्या तुमच्या गच्चीवरही येतो, अडवायला मध्ये कुणी नाही. मला या छंदात सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात हे कोण कशाला करेल. अहो, फोन म्हणा, ईमेल म्हणा, कुठं ना कुठं नोंद राहतेच, कुणी कुणाला कधी पाठवलं ते सापडतं. रेडिओ ऐकणाऱ्याची नोंद कुठंच होत नाही. ट्रान्समीटर कुठं आहे ते शोधता येतं, पण हजारो किलोमीटरच्या टापूत तो निरोप कोण लिहून घेतंय हे कसं शोधणार? आणि ही नुसती ऐकीव गोष्ट नाही, कोर्टात सिद्ध झालेली प्रकरणं आहेत. अ‍ॅना मोंटेस ही अमेरिकेच्या लष्करी गुप्तचर खात्यात क्युबाचा अभ्यास करणारी मोठी अधिकारी, तिला २१ सप्टेंबर २००१ ला अटक झाली, ती घरी सोनीच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर क्युबाचे आकडे ऐकून लॅपटॉपवर सोडवायची. २५ वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सुटली. जर्मनीत मारबुर्गला २०११ च्या ऑक्टोबरमध्ये रशियासाठी काम करणारं एक जोडपं पकडलं, त्यातली बायको पोलीस घरात शिरले तेव्हा शॉर्टवेव्हच ऐकत बसलेली होती.

आता हे आकडे फोडता येतात का, तर नाही, आणि ते का नाही हे आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढं वेळ वाया जात नाही. पद्धत इतकी सोपी आहे की चौथीतलं पोरगं करेल. हेराकडं आकड्यांची एक वही असते, मुख्यालयात तिचीच दुसरी प्रत. समजा शब्दांचे आकडे करून निरोपाचा गट झाला ४७१९२ आणि वहीतला गट आहे ८५३६६. आता बेरीज करायची पण हातचा घ्यायचा नाही. ४ आणि ८ बारा, २ लिहा. ७ आणि ५ बारा, २ लिहा. १ आणि ३ चार. ९ आणि ६ पंधरा, ५ लिहा. २ आणि ६ आठ. झालं २२४५८, रेडिओवर हेच वाचलं जातं. हेर त्यातून ८५३६६ वजा करतो, तेही तसंच, कमी पडलं तर दहा धरून, आणि त्याला ४७१९२ परत मिळतं. मग वहीचं ते पान जाळून टाकायचं. पान खरोखर यादृच्छिक असेल आणि एकदाच वापरलं असेल तर जगातला कुठलाही कॉम्प्युटर ते फोडू शकत नाही, कारण कुठलाही निरोप तितकाच शक्य असतो, आणि हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं सिद्ध केलेलं आहे. सोव्हिएत लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही पानं दोनदा वापरली आणि तेवढ्यावरून अमेरिकेनं पुढं कितीतरी वर्षं खपून त्यांचे निरोप थोडेथोडे उलगडले, त्याला व्हेनोना म्हणतात. म्हणून आपलं काम फोडायचं नाही. आपलं काम आहे कोण, कधी, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कसं बोलतंय ते नीट पकडून लिहून ठेवणं, आणि एवढ्यातच खूप आहे बघा.

रेडिओचं बोलू. आजोबांचा फिलिप्स किंवा मर्फी घरात असेल तर तो फेकू नका, एएमवर चालणारी स्टेशनं त्यावर लागतात. पण बरीच नंबर स्टेशनं एसएसबीवर, म्हणजे सिंगल साइडबँड या आवाज पाठवायच्या वेगळ्या पद्धतीनं असतात आणि साध्या रेडिओवर एसएसबी बदकासारखं क्वॅक क्वॅक ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. म्हणून नवीन घेणार असाल तर एसएसबी आहे का हे बघूनच घ्या, दुकानदार "सब बँड आता है" म्हणेल त्यावर जाऊ नका. टेकसन पीएल-३३०, पीएल-६६०, पीएल-८८० किंवा एक्सएचडेटा डी-८०८, यातलं कुठलंही चालतं. रेडिओवर यूएसबी लिहिलेलं असतं ते पेनड्राइव्हवालं नव्हे, अपर साइडबँड, तेच लागतं जास्त करून. कॉम्प्युटरची आवड असेल तर कॉम्प्युटरला लावायचं, शॉर्टवेव्ह पकडणारं आरटीएल-एसडीआर डोंगल घ्या, त्यात स्क्रीनवर सिग्नलच्या रेघाच दिसतात, पण माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने हातातला रेडिओच बरा, कान तयार होतो.

रेडिओपेक्षा तार महत्त्वाची. आपल्याकडं यंत्रमागांमुळं मोटर रिवाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत, तिथं वाइंडिंगची तांब्याची तार सुटी मिळते, दहा-बारा मीटर घ्या. तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरनं एका टोकाला बोटभर घासून काढायचा, तांबं गुलाबी चमकायला लागेपर्यंत, नाहीतर जोडच बसत नाही आणि तुम्ही म्हणणार तारेनं काही फरकच नाही. घासलेलं टोक मगरचिमट्यानं रेडिओच्या एरियलला लावा, दुसरं टोक गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला सुतळी बांधून लांब ताणा, तार पाइपाला किंवा पत्र्याला टेकता कामा नये. यापेक्षा फार लांब तार लावली तर छोटा रेडिओ गुदमरतो, सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतात. आणि कळकळीनं सांगतो, गच्चीशेजारून एमएसईबीची लाइन जात असेल तर त्या बाजूला तार न्यायचीच नाही, आणि एप्रिल-मेमध्ये वळीव घोंघावायला लागला की तार रेडिओतून काढून बाहेर टाकायची, वीज पडेपर्यंत थांबायचं नाही.

खरा शत्रू म्हणजे घरातला खरखराट. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सोलरचा इन्व्हर्टर, सगळे शॉर्टवेव्हवर घाण करतात. रेडिओ सेलवर चालवा, चार्जरवर नाही. मग लाइट जायची वाट बघा. लाइट गेली की सगळे शिव्या देतात पण आपल्यासाठी तोच सोन्याचा वेळ, पूर्ण पेठेतला खरखराट एकदम खाली बसतो आणि मघाशी नसलेली स्टेशनं वर येतात. लाइट जायची नसेल तर मेन स्विच पाडून बघा, आवाज गेला म्हणजे दोष आपल्याच घरात, मग एकेक एमसीबी चालू करत चोर शोधायचा. पूर्व भागात राहणाऱ्यांना मागांच्या मोटारींचा त्रास असतोच, त्यांनी रात्री किंवा माग बंद असतात त्या दिवशी बसावं. सगळ्यात उत्तम म्हणजे गावाकडचं शेत. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडं कुणाचं शेत असेल आणि हुरड्याला बोलावणं आलं तर रेडिओ आणि तार बरोबर न्या, हुरड्याचे दिवस आणि शॉर्टवेव्हचे चांगले दिवस एकच, थंडीत ढगांचा गडगडाट नसतो आणि रात्र मोठी असते. फक्त शेतीची थ्री फेज लाइट कधी येते ते विचारून घ्या, ती आली की आजूबाजूच्या मोटारी सुरू होतात.

वेळेचं गणित सोपं आहे. सगळी वेळापत्रकं यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे १२:०० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. दिवसा १०००० किलोहर्ट्झच्या वर शोधा, रात्री त्याच्या खाली, कारण दिवसा उन्हामुळं वातावरणातला खालचा थर लहान फ्रिक्वेन्सी शोषून घेतो आणि रात्री तो थर विरतो. दिवस मावळताना आणि उजाडताना दोन्हीकडं हात मारून बघा, तेव्हा लांबलांबचं येतं.

थेट हेरांच्या मागं लागायच्या आधी मुंबई वोल्मेटवर हात बसवा. ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झ, यूएसबी, प्रत्येक तासाला २५ आणि ५५ मिनिटांनी. विमानतळांचं हवामान इंग्रजीत वाचतात, वारा, दृश्यमानता, तापमान, म्हणजे आकडेच आकडे. हे कागदावर न चुकता उतरवता यायला लागलं की समजा तुम्ही तयार. रेडिओचा काटा बरोबर आहे का हे १०००० किलोहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या स्टेशनवरून तपासा, टिक टिक येते सेकंदाला.

आता खरी शिकार. आपल्याकडून मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तैवानचं, चीनमधल्या लोकांसाठी चालणारं व्ही१३. ८३००, ९२७६, ११४३०, १३७५० या फ्रिक्वेन्सी फिरवत राहा, एएमवरच असतं त्यामुळं आजोबांच्या रेडिओवरही चालेल. आधी बासरीची धून येते, मग बाई चिनी भाषेत आकडे वाचते, चार-चारचे गट. त्यासाठी दहा शब्द पाठ करा, लिंग, ई, अर, सान, स, वू, ल्यू, ची, बा, ज्यू, शून्यापासून नऊपर्यंत. रशियनचेही करा, नोल, अदीन, द्वा, त्री, चितीरे, प्यात, शेस्त, स्येम, वोसेम, द्येवित. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत भाव ऐकत मोठं झालेल्या सोलापूरकराला हे चार दिवसांचं काम आहे, खरंच.

ही व्ही१३ वगैरे नावं ठेवायची पद्धत एनिग्मा नावाच्या युरोपातल्या हौशी लोकांच्या गटानं १९९३ नंतर पाडली. ई म्हणजे इंग्रजी, जी जर्मन, एस स्लाव्ह भाषा, व्ही बाकीच्या भाषा, एम मोर्स. त्यातलं रशियाचं ई०७ मला फार आवडतं कारण त्यात कोडं आहे. ते तीन वेळा येतं, दर वीस मिनिटांनी, प्रत्येक वेळी वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, आणि सुरुवातीला तीन आकड्यांचा आयडी वाचतं. तो आयडी म्हणजे त्या तीन फ्रिक्वेन्सींच्या शंभराच्या जागेवरचे आकडे. समजा आयडी १४७ ऐकला आणि तुम्ही १२१३५ वर आहात, म्हणजे १ जुळला, वीस मिनिटांनी शंभराच्या जागी ४ असलेल्या फ्रिक्वेन्सीवर शोधायचं, मग ७. पहिल्यांदा हे जुळलं ना की अंगावर काटा येतो. आयडीनंतर ०००  आलं तर आज निरोप नाही. पोलंडचं ई११ असतं त्यात बाई आयडीनंतर "ऑब्लिक" म्हणते आणि गटांची संख्या, शून्य शून्य म्हणाली की निरोप नाही.

४६२५ किलोहर्ट्झवरचा रशियाचा बझर सगळ्यांना यूट्यूबमुळं माहीत असतो, मिनिटाला साधारण पंचवीस वेळा भर्र भर्र. ते हेरांसाठीचं नाही, लष्करी नेटवर्क आहे, मध्येच माणूस येऊन शब्द आणि आकडे वाचतो. थंडीत मध्यरात्रीनंतर शांत जागी प्रयत्न करा. ब्रिटिशांचं लिंकनशायर पोचर मात्र शोधू नका, सायप्रसवरून एका लोकगीताच्या धुनेनं सुरू होणारं ते स्टेशन २००८ मध्येच बंद झालं. क्युबाचं एचएम०१, "आतेन्सियोन" म्हणणारी बाई आणि मध्ये डिजिटल किरकिर, हे ऐकायचं तर किवीएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारे दुसऱ्यांचे रेडिओ वापरा, अमेरिकेतला एखादा निवडायचा. नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआरही फुकट आहे, तिथं बझर स्वच्छ येतो. आज काय कधी लागणार हे प्रियोम या साइटच्या वेळापत्रकात बघा. पण इंटरनेटवर ऐकलेलं आणि स्वतःच्या तारेवर ऐकलेलं वहीत वेगळं लिहा, मिसळू नका.

वहीत काय लिहायचं? तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड म्हणजे एएम की एसएसबी, भाषा, बाई की माणूस, आयडी, गट किती, पहिले दोन-तीन गट, आवाज किती स्वच्छ, आणि तार कुठली लावली होती. न ऐकू आलेला आकडा अंदाजानं भरायचा नाही, तिथं डॅश द्यायचा. याबाबतीत मी कडक आहे, एक खोटा आकडा घातला की पूर्ण नोंद कामातून गेली. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, पुन्हा ऐकता येतं.

कायद्याचं म्हणाल तर पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायला लागायचं, ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. बोलायचं असेल, म्हणजे ट्रान्समिट, तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा देऊन लायसन्स काढा, त्याशिवाय बटणाला हात लावू नका. आणि ट्यूनिंग करताना आपल्या सैन्याचं किंवा पोलिसांचं काही कानावर पडलं तर काटा पुढं सरकवा, रेकॉर्ड करायचं नाही, ग्रुपवर टाकायचं तर अजिबात नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की तार कशाची आहे, एकदा त्यांना बोलावून वोल्मेट ऐकवा म्हणजे शंका राहत नाही.

कधीतरी वेळापत्रकात नसलेलं काहीतरी सापडेल. लगेच नवीन स्टेशन सापडलं म्हणून नाचू नका. आधी घरातले बल्ब बंद करून बघा, मग तीच फ्रिक्वेन्सी त्याच मिनिटाला आशियातल्या दोन-तीन किवीएसडीआरवर लावा. तिथंही येत असेल तर सिग्नल खरा, रेकॉर्डिंग सुरू करा. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाराला परत बसा, ही स्टेशनं वेळ पाळतात, आणि परत आलं तर तीन नोंदी आणि रेकॉर्डिंग जोडून प्रियोमच्या लोकांना पाठवा.