स्वतःसाठी डिझाइन करताय? या चुका टाळा

लातूर असो, नांदेड असो की परभणी, आपल्याकडच्या डिझायनरचा दिवस कसा जातो ते वेगळं सांगायला नको. सकाळी लग्नपत्रिका, दुपारी वाढदिवसाचा फ्लेक्स, संध्याकाळी "भाऊ, फोटो जरा मोठा घ्या आन् नाव लाल करा." यात पैसा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथे रंग गिऱ्हाईक ठरवतं, मजकूर गिऱ्हाईक ठरवतं, आणि कुणाचा फोटो कुणाच्या वर जाणार हे तर गल्लीतलं राजकारण ठरवतं. सगळे निर्णय आपल्यावर आले तर आपण काय करतो, हे कळायला स्वतःचं एखादं काम हवं. पुण्या-मुंबईत नमुने पाठवायची वेळ आली की वाढदिवसाचे फ्लेक्स फारसे कामाला येत नाहीत, हेही आहेच.

अशी कामं सुरू बरेच जण करतात. "काय करायलास सध्या?" "एक पर्सनल प्रोजेक्ट करायलोय." वर्षभराने विचारलं तरी तेच उत्तर. काम अडतं कुठे, ते बघू.

विषय लांबचा घेणं

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे जगप्रसिद्ध कंपनीचा लोगो नव्याने करणं. तो लोगो तसा का आहे, त्यांच्या अडचणी काय, हे आपल्याला माहीत नसतं. मग उरतो तो फक्त रंगबदल.

दुसरा प्रकार, 'गावाकडचं' हवं म्हणून वारली टाकणं. वारली पालघर-डहाणूकडची. लातूरच्या हुरड्याच्या पोस्टरवर तारपा वाजवणारी माणसं काय करतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. आपल्याकडे काय कमी आहे? पैठणी, हिमरूचं कापड, बिदरीचं धातूवरचं नक्षीकाम, बंजारा तांड्यावरच्या बायकांचं भरतकाम. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव घ्या. ती वरून कशी दिसते, पायऱ्या कशा फिरत खाली जातात, एवढं नीट काढून दाखवलं तरी चांगलं पोस्टर होतं. नाहीतर वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, कुंथलगिरीचा खवा यांपैकी एकाचं पॅकिंग करून बघा.

पॅकिंग करणार असाल तर एक फसवणूक टाळा. नेटवर दिसणारी मॉकअप (नमुन्यादाखल केलेली) पाकिटं देखणी असतात, कारण त्यांवर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, उत्पादकाचा पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह यातलं काहीच नसतं. हे सगळं बसवूनही पाकीट चांगलं दिसलं पाहिजे. खरं कौशल्य तिथेच लागतं, आणि काम देणारा जाणकार आधी तेच बघतो.

फोटोवरून ट्रेस करणं

पैठणीचा मोर नेटवरून उतरवायचा, कोरल या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस मारायचा (फोटोवरून रेषा काढून घ्यायच्या), कडा गुळगुळीत करायच्या आणि झालं! पण पैठणीचा पदर जवळून पाहिलात तर मोराची मान गोल वळत नाही. नक्षी बाण्याचे (आडवे) रंगीत धागे ताण्याच्या (उभ्या) मोजलेल्या धाग्यांत गुंतवत भरलेली असते, त्यामुळे प्रत्येक वळण बारीक पायऱ्यापायऱ्यांनी जातं. त्या पायऱ्या घासून टाकल्या की उरतो तो क्लिपआर्टचा मोर. त्याऐवजी ग्राफ पेपर घ्या आणि एकच कुयरी चौकट मोजत भरा. कुठे एक घर पुढे घ्यायचं, कुठे दोन, हे ठरवताना नक्षीचं गणित हाताला कळतं. पुढे त्याच गणिताने नवं काहीतरी रचता येतं. ट्रेस करून ते येत नाही.

अजिंठ्याचंही तसंच. लोक पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र बघतात आणि परत येतात. डिझायनरने १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांत मान वर करावी. छतावर कमळं, फळं, हंस, वेली चौकोनांत मांडलेल्या आहेत. एवढा बारकावा असूनही गर्दी वाटत नाही, ती का, हे वहीत काढून शोधा. फ्लॅश मारायला मनाई आहे, तेव्हा पेन्सिल न्याच. आणि सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतो. (वेरूळ मंगळवारी.)

शेवट न ठरवणं

गिऱ्हाईक कितीही डोकं खाओ, ते तारीख देतं, साइज देतं, "फायनल" म्हणतं. स्वतःच्या कामात हे म्हणणारं कुणी नसतं, म्हणून फाइलची नावं 'नवीन', 'नवीन२', 'फायनल_नवीन' अशी वाढत जातात. सुरुवातीलाच कागदावर लिहा: ए३ पोस्टर, ४ नग, दोन रंग, पोळ्याच्या आधी. इंग्रजी अक्षरांचे जे उपक्रम चालतात त्यांत २६ अक्षरं आणि १० अंक मिळून ३६ चित्रं होतात. देवनागरीत जोडाक्षरांत शिरलात तर अंतच नाही. बाराखडीची एकच ओळ घ्या. लग्नसराईत तर तेही घेऊ नका, दुकानातून मान वर काढायला मिळणार नाही.

तांत्रिक अडचणी, थोडक्यात

जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि अक्षरांचा चिवडा झाला, तर युनिकोडवर (सगळ्या मशीनवर अक्षरं तीच राहतात अशा पद्धतीवर) या. मुक्ता, बालू हे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. इलस्ट्रेटरमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटत असतील तर पॅराग्राफच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर ग्लिफ्स पॅनलमध्ये (फॉन्टमधल्या सगळ्या आकारांच्या यादीत) मराठी वळणाचे सापडतात का ते बघा. स्क्रीनवरचा झगमगीत राणी रंग छापून मळका आला, तर यंत्राला दोष देऊ नका. काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत केलंत. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत उघडून आधी एक प्रूफ (चाचणीची प्रत) काढा.

फक्त शेवटचं चित्र दाखवणं

ग्राफ पेपर, टाकून दिलेली स्केचेस, फसलेलं प्रूफ हेही पोर्टफोलिओत ठेवा. तुम्ही विचार कसा करता हे त्यातूनच दिसतं.

आणि हे काम दुकानाच्या वेळेत, दुकानाच्या मशीनवर करू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. मालक कितीही घरचा माणूस असला तरी त्याच्याशी आधी बोला आणि दोन ओळी लिहून घ्या.