दिवंगत सोल गायकाचा आवाज हिपहॉपच्या बीटमध्ये बसवताना

अमेरिकन सोल (कृष्णवर्णीयांच्या चर्चसंगीतातून आलेली भावपूर्ण गायकी) गायक ओटिस रेडिंग 10 डिसेंबर 1967 रोजी विमान अपघातात गेला, अवघ्या 26व्या वर्षी. 2011 साली रॅपर जे-झी आणि कान्ये वेस्ट यांच्या ‘ओटिस’ या गाण्यावर कलाकार म्हणून त्याचंही नाव लागलं, आणि ते योग्यच होतं. त्या गाण्यात आधी बराच वेळ रेडिंगला मोकळं गाऊ दिलंय. मग त्याच्याच हुंकारांचे तुकडे करून ताल उभा केलाय. वेगळं ध्रुवपद नाहीच. जुन्या रेकॉर्डिंगमधला तुकडा (सॅम्पल) उचलून नवं गाणं रचण्याच्या अशा कामाला हात घालायचा असेल तर हे गाणं आणि त्याचं मूळ, म्हणजे 1966 सालचं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’, आधी शेजारीशेजारी ठेवून ऐका.

सगळ्यात जास्त वेळ मूळ गाण्यातली उचलायची जागा निवडण्यात घाला. मूळ गाण्यात सुरुवातीच्या ब्रासनंतर आवाज जवळजवळ उघडा आहे, ड्रमर अल जॅक्सन नुसती टकटक धरून आहे. शेवटाकडे सगळा वाद्यमेळ पेटतो. पूर्ण ओळ हवी असेल तर ती सुरुवातीतून उचला. शेवटाकडून आरोळ्या आणि हुंकार घ्या, कारण तिथे मागचे ड्रम्स आवाजात मिसळले तरी ते तुमच्या तालाला जोरच देतात. आवाज वेगळा काढणारी डेमक्ससारखी सॉफ्टवेअर्स हाताशी आहेत, पण ती दुसरा पर्याय समजा. झांजा आणि रिव्हर्बचं (खोलीतल्या घुमण्याचं) शेपूट त्यांना नीट सुटं करता येत नाही, मग ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे लागतात. साठच्या दशकातल्या स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये आवाज पुष्कळदा एकाच बाजूला असतो. आधी डावा आणि उजवा चॅनल स्वतंत्र ऐका, कधी कधी काम तिथेच होतं. फाइल एमपी3 नको, वाव्ह (आवाज न दाबता साठवणारी) घ्या.

आता वेग आणि पट्टी. जुन्या पद्धतीत दोन्ही एकत्रच वाढतात: 3 सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढवले की वेग 1.189 पट होतो, म्हणजे 76 बीपीएमचा (मिनिटाला 76 ठोक्यांचा) तुकडा साधारण 90वर येतो. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड 45वर लावली की पट्टी 5 सेमीटोनांहून थोडी जास्त चढते. 1987च्या एसपी-1200 सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) एकूण 10 सेकंदच मावत. म्हणून लोक रेकॉर्ड वेगात वाजवून भरून घेत आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवत. तो खरखरीत रंग त्यातूनच आला. चढवलेला आवाज पोरकट होतो आणि कंपही घाईचा होतो: सेकंदाला 6 आंदोलनं असतील तर 3 सेमीटोनांवर ती 7 होतात. गायकाच्या आवाजातलं वय आणि वजन टिकवायचं असेल तर 3च्या वर जाऊ नका. पट्टी न हलवता नुसता वेग ताणणार असाल तर 10 टक्क्यांच्या आत थांबा.

त्या काळी क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय) वाजवत, त्यामुळे लय सरकते. अख्ख्या चार बार (आवर्तनं) ताणून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर, बसवल्या तर गाणं निर्जीव होतं. त्यापेक्षा श्वासागणिक तुकडे करा, 8 ते 16 पॅड (दाबल्यावर एकेक तुकडा वाजवणारी बटणं) पुरतात. कट व्यंजनाच्या 20-30 मिलिसेकंद आधी आणि तरंग शून्यरेषा ओलांडतो तिथे द्या. सुरुवातीला 3-5 मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ) ठेवा, नाहीतर प्रत्येक पॅडवर टक वाजेल. सगळे पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये घाला, म्हणजे नवा तुकडा आधीच्याला तोडेल. मग क्वांटाइझ (ठोके आपोआप ग्रिडवर सरकवणारी सोय) बंद करून हाताने वाजवा. सोल गायक समेच्या किंचित मागे शब्द टाकतो. तो मागेपणा खोडला की उरतो तो नुसता आवाज, गाणं जातं.

टेपमशीनच्या वेगामुळे जुनी रेकॉर्डिंग्ज पुष्कळदा दोन सुरांच्या मध्ये 20-40 सेंटवर (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) पडतात. अशा वेळी बास सॅम्पलला जुळवून घ्या. आवाजाला हात लावू नका. तुकड्यात 150 हर्ट्झच्या खाली जे असेल ते कापा आणि तिथे स्वतःचा किक-बास (मोठा ड्रम आणि बास) बसवा.

रॅप सुरू झाला की गाण्यातले शब्द थांबवा. एकावर एक दोन ओळी आल्या तर दोन्ही कळत नाहीत. अंतऱ्याखाली फक्त ‘ओ’, ‘हे’ असे स्वर आणि श्वास ठेवा, पूर्ण ओळ मोकळ्या जागेत सोडा. सॅम्पलमध्ये 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 2-3 डेसिबल उतरवले की रॅपरला वाट मिळते.

परवानग्या दोन लागतात: रेकॉर्डिंगची वेगळी, रचनेची वेगळी. या गाण्यात तर रेडिंग नुसता गायक आहे; रचना कॅम्पबेल, कॉनेली आणि वुड्स या तिघांची, 1932 सालची. त्यामुळे दोन निरनिराळ्या दारांवर जावं लागतं. ‘दोनच सेकंद वापरलेत’ हा बचाव धरून चालू नका. रेकॉर्डिंगच्या तुकड्याबद्दल 2005 साली अमेरिकेच्या सहाव्या सर्किट (विभागीय अपील) न्यायालयाने तो नाकारला, आणि 2016 साली नवव्या सर्किटने उलट कौल दिला. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो, पण 1966ची रेकॉर्डिंग्ज अमेरिकेत 15 फेब्रुवारी 2067पर्यंत संरक्षित आहेत, आणि स्ट्रीमिंगवर टाकलेलं गाणं तिथेही वाजतं. अर्ज करताना मूळ गाण्यातल्या कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत घेतलं आणि ते तुमच्या गाण्यात किती वेळा येतं, ते लिहून द्या. रेकॉर्डिंगची परवानगी परवडत नसेल तर तीच ओळ नव्या गायकाकडून गाऊन घ्या, मग रचनेचीच परवानगी लागते.