आळंदीनंतर काय?

माझ्या पहिल्या पटकथेत पान ५८ वर पोरगा-पोरगी पहाटेच्या एसटीने तासगाव सोडतात, पान ६१ वर आळंदीत त्यांचं लग्न लागतं आणि इंटरव्हल होतो. पान ६२ लिहायला मला सात महिने लागले.

घरच्यांना मान्य नसलेल्या प्रेमावर लिहिलेल्या पटकथा हल्ली लोक माझ्याकडे वाचायला देतात. त्यातले बहुतेक याच पानावर अडकलेले असतात, म्हणून हे लिहितोय. पानाला साधारण मिनिट धरायचं, आधी वन लाइन (प्रत्येक सीन एकेका ओळीत) मग सीन, देवनागरीत सॉफ्टवेअर छळतं, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. ते सोडून देऊ.

पळून जाण्याचा सीन या प्रकारच्या सिनेमातला सगळ्यात मोहाचा सीन. रात्र, बॅग, भुंकणारं कुत्रं, हळूच कडी काढून देणारी चुलत बहीण. लिहिताना हात थांबत नाही. पण तो सीन संपतो तेव्हा आपण काय करून बसलेलो असतो बघा. ज्या घराशी भांडण होतं, ते घरच आपण पडद्यावरून हाकलून दिलेलं असतं. बाप तासगावात, आई तासगावात, भाऊ तासगावात आणि कॅमेरा पुण्यात एका दहा बाय दहाच्या खोलीत. तिथे नुसतं प्रेम उरतं. त्याला आडवं जाणारं कुणी नाही. मग आपण भरणा करत सुटतो: तिला भाकरी थापता येत नाही याची गंमत, एक गाणं, घरमालकाची कटकट, बोळातला पाठलाग. मी चारही लिहिले. पाठलाग तर दोनदा.

तीन ड्राफ्ट झाले तरी मला हे कळलं नव्हतं, म्हणून परत सांगतो. उत्तरार्ध पोकळ वाटला की उत्तरार्धच खरवडत बसू नका. दुखणं पान २० च्या आसपास असतं, जिथे बाप ‘नाही’ म्हणाला आणि आपण त्याला ‘का’ विचारलं नाही. माझ्या पटकथेतला बाप ‘घराण्याची अब्रू’ एवढंच म्हणायचा. अब्रू खोटी नसते, माणसं तिच्यापायी मुडदे पाडतात. पण पटकथेत अब्रू पुण्याला येऊन दार वाजवत नाही. दार वाजवायला माणसाला काहीतरी हवं असावं लागतं.

इथे कुणीतरी ‘सैराट’चं (२०१६) नाव काढतंच. तिथे तर दोघं थेट हैदराबाद गाठतात, तरी सिनेमा चालतो की! चालतो, कारण तिथे घर सोबत आलेलं आहे. सुखवस्तू घरातली मुलगी झोपडपट्टीत राहायला येते, नवऱ्याच्या मनात संशय शिरतो, भांडण त्या दोघांत होतं. आणि ती मुलगी, आर्ची, आईला फोन करते. त्या फोनच्या वाटेनेच शेवटी घर दारात येतं. मी त्यातला फक्त शेवट उचलला होता, फोन विसरलो होतो. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या निम्म्या पटकथांत हेच झालंय. शेवटच्या पानावरचं रक्त मागच्या १०० पानांना वाचवत नाही, हे जरा कडू वाटेल, पण ऐकाच.

मला सोडवलं ते माझ्या आत्याने. तिने आयुष्यात पटकथा पाहिलेली नाही. एका दिवाळीत मी तिला गोष्ट सांगत होतो. द्राक्षबाग, पोरगी, परजातीतला पोरगा, एसटी, आळंदी. तिने शेंगा फोडता फोडता विचारलं, “आन् तिची सही?”

“कसली सही?”

“हक्कसोडाची. माझी घेतली की एक साडी देऊन.”

मी तसाच बसून राहिलो. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः वाटा दिला. तेव्हापासून किती घरांत लग्नाआधी किंवा नंतर बहिणीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, करून घेतलं जातं, हे तुम्ही तुमच्याच घरात विचारून बघा. माझी नायिका सही न करता पळाली होती. म्हणजे सातबाऱ्याच्या भांडणात आता पोरीबरोबर जावईही उभा. आणि कागदावर सही घेऊन भागत नाही. नोंदणी करायची तर तिला दुय्यम निबंधकासमोर उभं करावं लागतं, म्हणजे परत तासगावात आणावं लागतं. भावाला तिला मारायचं नव्हतं, तिला गोड बोलून घरी न्यायचं होतं. तिलाही घरी जायचंच होतं. आणि ज्याच्या घरात गुंठाभर जमीन नाही असा नवरा ‘सही करू नको’ म्हणाला, तर ते तिच्या हक्कासाठी की बागेसाठी? हा संशय मी पाठलागाच्या दोन्ही सीनमध्ये मिळून आणू शकलो नव्हतो.

एक मात्र सांभाळा. जमीन सापडली म्हणून जात धुऊन टाकू नका. त्याच जमिनीवर जातीतला जावई चालला असता, हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी आलंच पाहिजे. मी ते आईच्या तोंडी घातलंय.

तुमचं जोडपं दोन धर्मांचं असेल आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा नीट वाचा. जिथे लग्न करायचं त्या जिल्ह्यात दोघांपैकी एक तरी ३० दिवस राहिलेला हवा, मग लग्नाची नोटीस, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावणार, मग आणखी ३० दिवस हरकतींसाठी. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. पळालेल्यांच्या गावाकडेच कागद पोचतो! लेखकाला याहून काय हवं? लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. तिसरा कोण, यावरच एक सीन होतो. कार्यालयात दिवसभर बसा, कुणी उठवत नाही.

आता उस्तादांबद्दल. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत पान २५ ला काय घडायला हवं ते शिकवतात. जा, ओळखी होतात. एका ज्येष्ठ संवादलेखकांनी मला सांगितलं, “भावाच्या हातात कोयता दे, पिक्चर विकलं जाईल.” दिला. विकलं गेलं नाही. माझं मत विचाराल तर पहिला श्रोता सिनेमातला नसावा, आणि तो शेंगा फोडत असेल तर उत्तमच. वर्तमानपत्रातली खुनाची बातमी जशीच्या तशी उचलू नका. ते घर अजून जिवंत असतं.

कल्पना चोरीला जाईल या भीतीने मी वर्षभर कुणाला काही दाखवलं नाही. मूर्खपणा. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतल्या मुलांच्या प्रेमावर एक नाटक होतं, आर. जी. आनंद यांचं. ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा सिनेमा त्यावरूनच उचलला, असा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये ते हरले. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तुम्ही ती कशी मांडलीत त्यावर असते, असं न्यायालयाने सांगितलं. पळून गेलेलं जोडपं तुमचं नाही, त्याचं दुःखही करू नका. तुमचे सीन तुमचे. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा, ड्राफ्ट नोंदवा, मग बिनधास्त नॅरेशन द्या, म्हणजे निर्मात्याला गोष्ट तोंडी सांगा. पैशाचं मात्र पहिल्याच भेटीत विचारा. एका निर्मात्याने माझी तीन नॅरेशन ऐकली, प्रत्येक वेळी डोळे पुसले, आणि मी सायनिंगचा, म्हणजे करारावेळच्या पैशाचा, विषय काढला तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. त्यानेही काही मोडत नाही, ड्राफ्ट आपल्याकडेच राहतो.

सध्या पाचवा चालू आहे. पान ६२ वर आता भाऊ दारात आलाय. चपला बाहेर काढतो, पाणी मागतो. खोलीत एकच पेला आहे, ती तोच विसळून देते. परवा आत्याला वाचून दाखवलं.

“पाणी दिलं ना?” ती म्हणाली. “मग करतीया ती सही.”

मी अजून ठरवलेलं नाही.