जुनी पद्मिनी की नवी गाडी? मुंबईत निर्णय घेण्याआधीची तपासणी

प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडा. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप सगळं समोर, आणि हात घालायला मोकळी जागा. नव्या गाडीत वर प्लास्टिकचं कव्हर असतं आणि बिघाड शोधायला स्कॅनर जोडावा लागतो. जुन्या गाडीची ओढ वाटते ती इथेच: ती हाताने समजून घेता येते, हाताने दुरुस्त होते. पण हे सुख पत्रा शाबूत असेल तोवरच. म्हणून तपासणी इंजिनापासून नको, खालून सुरू करा.

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. सगळा भार बॉडीच उचलते. फ्लोअर, दाराखालचा पट्टा आणि जॅक लावायची जागा सडली असेल तर वरचा चकचकीत रंग काही कामाचा नाही. मॅट उचलून पत्रा अंगठ्याने दाबा, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज म्हणजे पत्रा, बद्द आवाज म्हणजे पुट्टी. लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. डिकीत स्टेपनी काढून तळ बघा, पावसाचं पाणी तिथेच मुरतं. वरळी-वर्सोव्याकडे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला खाऱ्या हवेमुळे दुप्पट वेळ द्या. शेवटी एक बाजू जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं मागचं दार उघडून लावा. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडकत असेल, तर बॉडी वाकते आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

१०८९ सीसीचं इंजिन त्या मानाने सोपं. ते गरम करून चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला, तर कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात; जागचा हलला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीटचं (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याचं) संरक्षण गेलं. टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) अंतर सारखं कमी होत असेल तर हेड उतरवून कडक सीट बसवून घ्या.

आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, तडकतं. गाडी ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणाऱ्या एसएई जे३० आर९ दर्जाचे घाला, पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) बदला. महिनोन् महिने पेट्रोल टाकीत पडू देऊ नका. इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर का चढतो? पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी थांबली की तोही मंदावतो. नव्या गाडीचा विजेचा पंखा थांबल्यावरही पूर्ण जोरात चालतो. रेडिएटर खोलून साफ करून घ्या, डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या सीबी पॉइंटचं अंतरही बघा: साधारण ०.४५ मिमी. पॉइंट झिजून अंतर कमी झालं की ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन तापतं. उन्हात गाडी बंद पडून लगेच चालू होत नसेल, तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. आतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तुलनाच नको. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. पाण्यातून गेल्यावर ते पकडत नाहीत, म्हणून थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवत सुकवावे लागतात. चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, एअरबॅग नाही. मुलांना रोज शाळेत सोडायचं असेल तर नवीच गाडी घ्या, आणि पद्मिनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला काढा.

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे हात बसलेले मिस्त्रीही विरळ होत चालले आहेत. आधी मिस्त्री शोधा, मगच बयाणा द्या. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला.

कागदपत्रांत आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं. ते थकलं असेल तर विकणाऱ्याकडूनच करून घ्या. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. अधूनमधून तिने ऑफिसला जायचा विचार असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.