गादीवाफ्यात पाणी साचत होतं, ते असं काढलं

आमचं परस कोकणात, जांभ्याच्या उतारावर. हातभर खणलं की कातळ लागतो. म्हणून भाजीसाठी वरच गादीवाफा बांधून घेतला: चार फूट रुंद, दीड फूट उंच, जांभ्या चिऱ्यांचा. लाकडी फळ्यांचा विचारही केला नाही. इथली वाळवी त्या टिकू देणार थोडीच!

गवंड्याने चिऱ्यांचे सांधे सिमेंटने पक्के बंद केले. मृगाच्या सरी लागल्या आणि वाफ्याचा हौद झाला. मिरचीची रोपं पिवळी पडून माना टाकू लागली. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, कुजका वास.

उघडीप मिळताच माती एका बाजूला ओढली आणि उताराकडच्या सर्वांत खालच्या थरातले सांधे छिन्नीने फोडले. आतून त्या फटींवर जांभ्याचे तुकडे रचले, वर नारळाची सोडणं, म्हणजे माती वाहून जात नाही. परत भरताना दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि थोडं भाताचं तूस मिसळलं. इथली लाल माती आम्लधर्मी. चुलीतली चाळलेली राख घातली, पण मूठभरच. जास्त झाली तर तीही बाधते.

आता धो-धो पावसानंतरही वाफा निथळतो. उलट उन्हाळ्यात लवकर सुकतो, म्हणून पेंढ्याचं आच्छादन. खत कुजून माती दरवर्षी दोन-चार बोटं खाली बसते. तेवढी भर पावसाआधी घालतो. आणि वाफ्यात पाय ठेवायचा नाही, माती दबते. मुलांना हे सांगून दमलो.